दोन्ही बाजूंनी भरलेला कागद

बारामती
६ सप्टेंबर २०२४

प्रिय छकुली,

काल अंथुर्ण्याच्या अंगणवाडीत आपण दीड तास समोरासमोर बसलो आणि तू एकूण चार शब्द बोललीस. "व्हय", "न्हाय", "बरंय" आणि जाताना "येते". मी मोजले म्हणून रागावू नकोस. तुझे आईआबा दाराशी बसून होते. त्यांच्यासमोर मीही बोलले नसते. म्हणून हे पत्र.

तुला सतराव्या वर्षी बाळ झालं. दवाखान्याने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं, तुझ्या नवऱ्यावर, बावड्याच्या बिरूवर, केस झाली, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत तू माहेरी राहावंस असं बालकल्याण समितीने ठरवलं. वकिलाने फोनवर कुणाशी बोलू नका म्हटल्यावर घरच्यांनी तुझा फोन काढून घेतला. एवढं मला फाइलमधून आणि तुमच्या अंगणवाडीच्या रोहिणीताईंकडून कळलं. जे फाइलमध्ये नाही ते मला माहीत नाही.

आता माझ्याबद्दल. आमची संस्था लहान वयात आई झालेल्या मुलींसोबत काम करते. प्रत्येकीला एक ताई, आणि माझ्याकडे तुम्ही पाच जणी. मी बारामतीची, वय तेवीस. अब्बांचं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत सगळे कागद वाचायला माझ्याकडे येतात. मोठा भाऊ फिरोज अब्बांच्या हाताखाली काम करतो. तो आमच्या अम्मीला "आपा" म्हणतो, म्हणजे मोठी बहीण! का, ते विचारलं की अम्मी म्हणते, "लहानपणी जीभ वळली ती वळली." आम्ही अजून त्याला त्यावरून चिडवतो. बघ, आमच्या घरातली गंमत मी आधी सांगितली. आता तुझी पाळी.

सोबत पाच कोरे कागद ठेवते आहे. हवं ते लिही. डोस पाजायला गुरुवारी जाशील तेव्हा रोहिणीताईंकडे दे. तुझं पत्र माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.

तुझी,
अंजुमताई


अंथुर्णे
१९ सप्टेंबर

अंजुमताईंस छकुलीचा नमस्कार.

पत्र पोचलं. माझी तब्येत बरी आहे. बाळाचीही बरी आहे, वजन चार किलो दोनशे भरलं. तिला सगळे बाळच म्हणतात. बारशाला बावड्याहून तिच्या आत्या आल्या नाहीत, म्हणून नाव ठेवायचं राहिलं.

तुमच्यासारखी गंमत आमच्याकडं नाही. एक गोष्ट आहे ती लिहिते. बाळ रडायला लागलं की मला टेम्पोचं छत दिसतं. बाळ झालं त्या दिवशी आबांनी शेजारचा भाजीचा टेम्पो आणला होता. मी आत आडवी होते. वरच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातनं उजेड यायचा. दवाखाना येईपर्यंत मी त्या भोकाकडं बघत होते. रक्त थांबत नव्हतं. आई म्हणत होती, "डोळं मिटू नगं, डोळं मिटू नगं." आता बाळ रडलं की ते भोक दिसतं आणि माझे हातपाय गार पडतात. आई तिला माझ्या मांडीवर ठेवते आणि पाजून झालं की उचलून नेते. मी उचलत नाही. हे कुणाला सांगू नका.

तुमचे कोरे कागद परत पाठवते आहे. हे मी भावाच्या वहीतल्या ओळींच्या पानावर लिहिलं आहे. पुढच्या वेळी कोरे पाठवू नका.

नववीत मला गणितात ब्याण्णव मार्क होते. तुम्ही विचारलं नव्हतं.

छकुली


बारामती
४ ऑक्टोबर

प्रिय छकुली,

ब्याण्णव! मला दहावीला त्रेचाळीस होते, आणि तेवढ्यावर अब्बांनी पेढे वाटले होते.

ओळींची वही पाठवते आहे. तुझं अक्षर इतकं नेटकं आहे की तुला कोरा कागद का नको ते लगेच कळलं.

टेम्पोबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. हे वेड नाही आणि तू वाईट आईही नाहीस. जीव जायची वेळ आली होती ना, ते शरीराला अजून आठवतं. बाळ रडलं की शरीराला वाटतं, आपण पुन्हा त्या टेम्पोत आहोत. आम्हाला प्रशिक्षणात एक उपाय शिकवला आहे. भोक दिसायला लागलं की दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकव. खाली फरशी आहे की माती, गार आहे की गरम, ते बघ. हाताशी असेल त्या वस्तूचं नाव मोठ्याने घे. मग आकडे म्हण. तुला गणित आवडतं तर पाढे म्हण.

काल तुझ्या आईंशी थोडं बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "ताई, पोरगी पयल्यापासनं मुकी न्हवती. शेरडांमागं जायची तर शेरडांना पाढं म्हणून दावायची. आमच्या शेरडांना तीसापातुर येत्यात!" तुझे आबासुद्धा हसले. मग त्या म्हणाल्या, "मला एक अक्षर येत न्हाय, पण तिचं आयकाय बरं वाटायचं."

छकुली, बाहेरून दहावीला बसता येतं. मी चौकशी केली आहे. डोक्यात ठेव.

तुझी,
अंजुमताई


अंथुर्णे
२४ ऑक्टोबर

अंजुमताईंस नमस्कार.

पाय टेकवायचं करते. त्याचा उपयोग होतो. भोक दिसतं पण लवकर जातं. पाढे मात्र सांगू नका. पाढे मी आता म्हणत नाही.

एक विचारायचं आहे. बावड्याहून निरोप आला की केस मिटेपर्यंत आमच्या दारात येऊ नका, आणि मिटली तरी पोरगी नको. त्यावर कन्हेरीची माझी मावशी आली होती. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. काका दूध डेअरीत आहेत, घर पक्कं आहे. मावशी म्हणाली, "मला दे गं. मी खाली ठिवायची न्हाय तिला." आता भाऊबीजेला घेऊन जायचं आणि मला अठरा झाले की दत्तकाचा कागद करायचा. बावड्याचे सही द्यायला तयार आहेत.

मावशीकडं तिचं चांगलं होईल. माझ्यापाशी तिचं काही चांगलं व्हायचं नाही, हे मला माहीत आहे. मग मी दहावीला बसेन.

आई काही बोलत नाही. आबा म्हणतात, "त्या ताईंना इचार, त्या शिकल्याल्या हायत." म्हणून विचारते. तुम्हाला काय वाटतं?

छकुली


बारामती
२८ ऑक्टोबर

प्रिय छकुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

इतक्या लहान वयात इतका शांत विचार करणारी मुलगी मी पाहिली नाही. बाळाचं भलं कशात आहे ते तू आधी बघितलंस, आणि मग स्वतःचं शिक्षण. मावशी घरातलीच आहे, प्रेमाची आहे, कन्हेरी काही परदेश नाही. तुला बाळ भेटत राहील. आणि तुलाही तुझं आयुष्य आहे, छकुली. ते पंधराव्या वर्षी लग्न लावून तुझ्या हातातून काढून घेतलं. ते परत मिळवायची ही वेळ आहे.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. तुझा निर्णय मला योग्य वाटतो. मला तुझा अभिमान वाटतो.

दहावीचा फॉर्म सोबत पाठवते आहे. नववीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला लागेल. फॉर्मची फी संस्था भरेल.

तुझी,
अंजुमताई


अंथुर्णे
२८ नोव्हेंबर

अंजुमताईंस नमस्कार.

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

भाऊबीजेला मावशी बाळाला घेऊन गेली. त्या दिवशी आबांनी तुमचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. मामा जरा आढेवेढे घेत होता. आबा म्हणाले, "शिकल्याल्या बाईनं लिहून दिलंय, आता आपुन कोण बोलनार?" मग मामा गप बसला.

बाळ तिकडं बाटलीनं पितं. मावशीचा फोन येतो तेव्हा आबा स्पीकर लावतात. परवा ती हसल्याचा आवाज आला. माझा ब्लाउज अजून दुपारी चार वाजता भिजतो. चार वाजता ती उठायची. तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसते. बाकी सगळं ठीक आहे.

आता टेम्पोचं छत दिसत नाही. रडायला कुणी नाही.

फॉर्म भरला आहे. गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडली आहे. ८ जानेवारीला मला अठरा पूर्ण होतात. २० तारखेला, सोमवारी, बारामतीच्या कचेरीत दत्तकाचा कागद आहे. तुम्ही याल का? आबा म्हणतात, साक्षीदार म्हणून तुमची सही चांगली दिसेल.

छकुली


बारामती
६ डिसेंबर

प्रिय छकुली,

मी तुला दिलेला शब्द मोडला, ते आधी सांगते. तुझं पत्र कुणाला दाखवणार नाही असं म्हटलं होतं. पण तू फॉर्म भरलास याचा मला इतका आनंद झाला की तुझं नाव न सांगता मी ते अम्मीला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मला वाटलं, ती म्हणेल, माझ्या अंजुमने एका पोरीला मार्गाला लावलं.

ती म्हणाली, "थांब. ते चार वाजायचं परत वाच."

"त्यात काय, अम्मी? अंगावरचं दूध सुटलं की तसं होतं काही दिवस."

"मला नको शिकवू. परत वाच."

मी वाचलं. अम्मीने मेथी बाजूला सारली. "पोरगी वाट बघतीय, अंजुम. आनि तू तिला फारम पाठवलास."

"तिनेच हो म्हटलंय, अम्मी. तिनेच लिहिलंय की मावशीकडे चांगलं होईल."

"मी पन व्हय म्हनले व्हते."

छकुली, माझी अम्मी आम्हाला नेहमी सांगत आली की फिरोज झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तेव्हा तिला सोळावंही सरलं नव्हतं. ती खूप आजारी पडली, मूल सांभाळता येईना. तेव्हा इंदापूरची माझी नानी म्हणाली, मी नेते. नानीचं शेवटचं मूल तान्हेपणीच गेलं होतं. सगळ्यांना ते बरं वाटलं. अम्मी सहा वर्षांनी आणायला गेली तर फिरोज नानीच्या मागे लपला आणि ओरडला, "आपा आली, आपा आली!" नानीने त्याला तसंच शिकवलं होतं. "मग त्याला तेव्हाच खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं. अम्मी म्हणाली, "कंच्या तोंडानं? माझा हात कुनी पिरगाळला न्हवता. द्यायला मीच व्हय म्हनले व्हते."

तेवीस वर्षं मी त्या हाकेवर हसत आले आहे.

माझ्या पत्राने तुझ्या मामाला गप्प केलं, हे वाचून मला झोप लागलेली नाही. मला तुझं मत विचारायला हवं होतं. मी माझंच मत दिलं, आणि तू माझ्या मनासारखं बोलतेस म्हणून तुला शहाणी म्हटलं. माझं चुकलं.

२० तारखेला मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही. तुझ्या सहीशिवाय तो कागद होऊ शकत नाही. हे मी संस्थेच्या वकीलताईंना विचारून लिहिते आहे. तुला खरंच द्यायचं असेल तर दे, मी तुझ्या बाजूला उभी राहीन. पण तू लिहिलं होतंस, "माझ्यापाशी तिचं काही चांगलं व्हायचं नाही, हे मला माहीत आहे." तुला ते कसं माहीत आहे? मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

अंजुमताई


अंथुर्णे
१९ डिसेंबर

अंजुमताई,

तुमचा राग आला आहे म्हणून नमस्कार लिहिला नाही.

तुम्ही आता विचारताय. मला वाटलं होतं, तुम्ही नको म्हणाल. म्हणून विचारलं होतं. तुम्ही लिहिलंत, मला तुझा अभिमान वाटतो. मला असं आजपर्यंत कुणी लिहिलं नव्हतं. ते वाचल्यावर मी पुढं काही बोलू शकले नाही.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

बाळाच्या पाचव्या दिवशी आमच्याकडं पाचवी पुजतात. तुमच्याकडं असते का माहीत नाही. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावतात आणि एक कोरा कागद आणि पेन ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. आईनं माझ्याच नववीच्या चित्रकलेच्या वहीतला कागद फाडून ठेवला. पेनही माझंच. पूजा झाली आणि सगळे बाहेर जेवायला बसले. मी आणि बाळ आत होतो.

मी त्या कागदाकडं बघत होते. माझ्या पाचवीलाही असाच कोरा कागद ठेवला असेल. तिनं माझं काय लिहिलं ते मी बघतेच आहे. मला वाटलं, हिचं लिहायला तिला जागाच ठेवायची नाही. मी पेन घेतलं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून सतराचा पाढा लिहिला. मग अठराचा. मग एकोणिसाचा. पान भरलं, उलटं केलं. मागंही भरलं, एकोणतीसपर्यंत. जराही जागा ठेवली नाही. परत ठेवून दिला.

सकाळी उठले तर कागद नव्हता. पेन होतं.

सातव्या दिवशी बाळ पिवळं पडलं. दहाव्या दिवशी पोलीस बावड्याला गेले. बारशाला कुणी आलं नाही. ती रडायची ती थांबायची नाही. ताई, मी तिचं नशीब खोडलं. तिच्या नशिबात काहीच नाही, नुसते पाढे आहेत. म्हणून मी तिला हात लावत नव्हते. माझ्या हातानं आणखी काही झालं असतं तर?

मावशीकडं दुसरं घर आहे. तिथं माझी सावली नाही. तुम्ही आता हसाल.

छकुली


बारामती
२ जानेवारी २०२५

प्रिय छकुली,

हसले नाही. पहिल्यांदा मी चार पानांचं उत्तर लिहिलं. नवजात बाळाला कावीळ का होते, नशीब वगैरे काही नसतं, असं सगळं. मग अम्मीला विचारून ते फाडलं. त्यातलं सगळं खरं होतं, पण ते तुझ्या कामाचं नव्हतं.

एवढंच सांगते. जगातल्या प्रत्येक कागदावर दुसऱ्यांनी तुझ्याबद्दल लिहिलं. लग्नाच्या पत्रिकेवर, दवाखान्याच्या केसपेपरवर, पोलिसांच्या जबाबावर, माझ्या फाइलवर. एक कागद तू स्वतः भरलास, तोही तुझ्या मुलीला वाचवायला, तुला जे उत्तम येतं ते लिहून. बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी, अंगातलं एवढं रक्त गेलेलं असताना, तेरा पाढे. मला ह्यात खोडलेलं काही दिसत नाही.

आणि एक साधा प्रश्न. तुमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं? कागदाला पाय नसतात. त्या माणसाला विचार.

फिरोजला मी सगळं विचारलं. तो मोटारीत तार भरत होता. मान वर न करता म्हणाला, "मला आठवतंय. मी लपलो तर ती दारातच बसून राहिली. दुपार झाली तरी पानी पन पिली न्हाय. मला कुनीतरी ढकलायला पायजे व्हतं तिच्याकडं." मग म्हणाला, "आता काय हाक बदलायची, अंजुम. पन्नाशीला आली ती." थोड्या वेळाने पाहिलं तर तो तार उलटी भरत होता. अब्बांनी शिव्या घातल्या.

२० तारखेला सकाळी अकरापासून मी कचेरीच्या दारात असेन. तू आत गेलीस तरी, नाही गेलीस तरी.

तुझी,
अंजुम


अंथुर्णे
२३ जानेवारी

अंजुमताईंस छकुलीचा आणि बाळाचा नमस्कार.

सोमवारी तुम्ही अकरापासून दुपारी तीनपर्यंत कचेरीच्या दारात उभ्या होतात, असं रोहिणीताईंनी सांगितलं. निरोप द्यायला फोन नव्हता. माफ करा.

तुमचं पत्र वाचलं तरी मला आठ-दहा दिवस विचारायचं धाडस झालं नाही. शनिवारी आई चुलीपुढं भाकरी करत होती. मी म्हणाले, "आई, पाचवीचा कागद कुठं गेला?"

आईचा हात थांबला. भाकरी करपली. ती उठली, कांबळ्यांखालची पत्र्याची पेटी ओढली आणि प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात तो होता. चार घड्या घातलेला, हळदकुंकू लावलेला.

"तुला कसं कळलं?" ती म्हणाली. "सकाळी उठून बघते तर दोनी अंगांनी लिव्हल्याला. तसाच कपाळाला लावला. एवढं कुनाच्या पोरीला लिव्हत न्हाय ती! कुनाला बोलले न्हाय, दिष्ट लागंल म्हणून."

"मग तिला मावशीकडं जाऊ का दिलंस?"

"तू तिला हात लावत न्हवतीस. मी म्हणलं, नशीब तर हितं पेटीत हाय, पोरगी कुठंबी ऱ्हावू दे." मग तिनं कागद माझ्यापुढं धरला. "म्या कुनाला दावणार? तू वाच की. काय काय लिव्हलंय?"

ताई, खोटं वाचावं असं मनात आलं. मोठी साहेबीण होईल, बंगला होईल, असं काहीतरी. आईला कळलंही नसतं. पण मला ते जमलं नाही. मी म्हणाले, "आई, हे मी लिहिलंय. पाढे आहेत."

ती कागदाकडं बघत राहिली. "सटवाईनं न्हाय?"

"न्हाय."

"शेरडांना म्हणायचीस, ते?"

"व्हय."

तव्यावरनं धूर निघत होता. आईनं तवा खाली उतरवला. मला वाटलं, आता मारते. ती म्हणाली, "मग चुकलंय का कुठं, बघ."

मी पहिल्यापासून बघितलं. एकोणीस साते एकशे तेवीस लिहिलं होतं. एकशे तेहेतीस पाहिजे. आईला दाखवलं. ती म्हणाली, "कर नीट." मी पेन आणून नीट केलं. बाकी सगळं बरोबर होतं.

मग आई आबांना म्हणाली, "सोमवारी कागूद व्हायचा न्हाय."

आबा म्हणाले, "कोन म्हणतं?"

"पोरीची आई म्हणतीय." आईनं माझ्याकडं बोट केलं, मी "व्हय" म्हणाले.

आबा म्हणाले, "आगं पण त्या ताईंनी लिहून दिलंय!" मी तुमचं सहा डिसेंबरचं पत्र त्यांना वाचून दाखवलं, तुमच्या आईंचं सोडून. आबा म्हणाले, "ह्या ताईचं काय खरं न्हाय. आज एक लिवती, उद्या एक." अजूनही माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण रविवारी सकाळी एसटीला पैसे त्यांनीच दिले.

मावशीचं लिहायला मला अवघड जातं. आईनं तिला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. आत गेली आणि बाळाची झबली एकेक घडी करून पिशवीत भरायला लागली. बाटली, खुळखुळा, टोपडं, सगळं. शेवटचं पिवळं झबलं हातात धरून म्हणाली, "हे एक ऱ्हावू दे का माझ्याकडं?" मी राहू दिलं. आम्ही निघालो तेव्हा ती दारात आली नाही. काका फाट्यापर्यंत आले. पुढच्या महिन्यात बारसं आहे. आत्या आल्या नाहीत तर नाव मावशीनं ठेवायचं, असं मी काकांना सांगितलं. ती येईल का माहीत नाही.

बाळ मला ओळखत नाही. मावशीसाठी रडत होतं. बारामतीच्या स्टँडवर रडायला लागली ती थांबेना. काटेवाडीच्या पुढं मला बसच्या छताला भोक दिसलं. मी चप्पल काढून पाय खाली टेकवले. पत्रा गरम होता. शेजारच्या बाईला म्हणाले, "ही खिडकी आहे. ही पिशवी आहे. ही माझी मुलगी आहे." ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मग मी सतरापासून पाढे म्हणायला लागले, मोठ्यानं. मागचा एक म्हातारा म्हणाला, "आगं आजीपाशी दे ती, तिला कळतंय." आई खिडकीबाहेर ऊस बघत बसली. तिनं हात पुढं केला नाही.

लासुर्णे गेलं. अंथुर्णे आलं तरी ती रडतच होती. मी तिला खाली ठेवली नाही.

दहावीचा फॉर्म फाडला नाही, परीक्षेला बसणार आहे. तिला घेऊन अभ्यास कसा होतो ते बघते.

ओळींची वही संपली. हे शेवटचं पान. पुढच्या गुरुवारी थोडे कागद पाठवा. कोरे असले तरी चालतील.

छकुली